ट्रॅक्टरने काय सिद्ध केले? ‘खऱ्या गाडी’च्या मताचा प्रतिवाद

दोन लिटरच्या वरचे डिझेल इंजिन, शिडीसारखी पोलादी चौकट आणि चारही चाकांना मिळणारी ओढ या तीन गोष्टी ज्या गाडीत नाहीत ती ‘खरी गाडी’ नव्हे, हे मत गाड्यांची हौस असणाऱ्यांमध्ये जुनेच आहे. बेंगळुरूच्या सर्जापूर रोडवर मात्र त्याला आता हौसेपलीकडचे, व्यवहारी शहाणपणाचे स्थान मिळाले आहे. इब्लूरच्या चौकातून दोड्डकन्नेल्ली, कोडती, दोम्मसंद्र करीत आनेकल तालुक्यातील सर्जापूर गावापर्यंत जाणाऱ्या या रस्त्याच्या दोन्ही अंगांना संगणक कंपन्या आणि मोठ्या वसाहती आहेत आणि त्यांत पुणे, नाशिक, कोल्हापूर, नागपूरकडून आलेली मराठी कुटुंबेही राहतात. येथील खड्डे, उखडलेल्या कडा आणि पावसाळ्यात तुंबणारे पाणी पाहता अशा गाडीशिवाय निभाव लागणे कठीण, लहान टर्बो इंजिन म्हणजे खेळणे, डिझेलचा दम पेट्रोलला यायचा नाही आणि फोर बाय फोर दारात असली की पुराचीही धास्ती नाही, अशी या मताची मांडणी असते. ती करणाऱ्यांचा यंत्रावर जीव असतो आणि त्यांतील अनेकांनी घाटवाटांवर, नदीपात्रांत गाड्या चालवलेल्या असतात, त्यामुळे हे मत अज्ञानातून आले असे म्हणता येत नाही. परंतु इंजिनाच्या ज्या आकाराला ते केंद्रस्थानी बसवते, तो दुर्गम वाटेवरील गाडीच्या कसोट्यांमध्ये सर्वांत शेवटी येतो, आणि सर्जापूर रोडसारख्या रस्त्यावर तर तोच आकार बाधक ठरतो.

या मताच्या समर्थकांचा सर्वांत आवडता पुरावा सप्टेंबर २०२२ च्या पहिल्या आठवड्यातील पुराचा असतो. त्या आठवड्यातील मुसळधार पावसाने हालनायकनहळ्ळीच्या तलावाचे पाणी बाहेर पडले आणि सर्जापूर रोडलगतची रेनबो ड्राइव्ह ही वसाहत बुडाली. रहिवाशांना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आणि होड्यांतून बाहेर काढावे लागले, संगणक कंपन्यांचे कर्मचारी ट्रॅक्टरवर उभे राहून कामावर गेले, आणि तिकडे येमलूरच्या आलिशान वसाहतीत बेंटली आणि लेक्सससारख्या गाड्या पाण्यात बुडाल्याची छायाचित्रे देशभर छापली गेली. यावरून निष्कर्ष असा काढला जातो की नाजूक, संगणकांनी भरलेल्या गाड्या हरल्या आणि दणकट डिझेल इंजिन जिंकले. घटना खरी आहे, पण तिचा हा अर्थ टिकत नाही.

शेतात सर्रास दिसणारा ट्रॅक्टर साधारण ४५ अश्वशक्तीचा असतो, म्हणजे आजच्या कोणत्याही लहान कौटुंबिक मोटारीच्या इंजिनाहून त्याची शक्ती कमीच भरते. त्याची घनक्षमता, म्हणजे सर्व सिलिंडरांत मावणाऱ्या हवेचे एकूण आकारमान, अडीच-पावणेतीन लिटरच्या घरात असते हे खरे. पण ती तशी ठेवण्याचे कारण असे की हे इंजिन मिनिटाला दोन हजारांच्या आसपास फेऱ्यांवर, पूर्ण भाराखाली, नांगरटीच्या हंगामात दिवसभर चालायचे असते. पुराच्या पाण्यातून त्याला पार नेणाऱ्या गोष्टी वेगळ्याच होत्या. त्याची मागची चाके सव्वा मीटरहून अधिक व्यासाची असतात, त्यामुळे कमरेइतक्या पाण्यातही त्यांचा माथा वर राहतो. हवा आत घेणारी नळी आणि धूर सोडणारे नळकांडे दोन्ही बॉनेटच्या वर उभी असतात. आत हवा कोंडून धरेल असे बंद केबिन नसल्यामुळे तो तरंगू लागत नाही. आणि गिअर इतके खालचे असतात की माणसाच्या चालीने जातानाही इंजिन गुदमरत नाही. यांतील एकही गुण घनक्षमतेतून येत नाही. आलिशान मोटारी बुडाल्या त्यादेखील इंजिन लहान म्हणून बुडाल्या नाहीत, कारण त्यांतील काहींच्या बॉनेटखाली ट्रॅक्टरच्या कित्येक पट शक्ती होती.

इतिहासही या मताच्या बाजूने उभा राहत नाही. दुसऱ्या महायुद्धात ज्या विलिस जीपने दुर्गम वाटेवरील गाडीची कल्पनाच घडवली, तिचे इंजिन २.२ लिटरचे, पेट्रोलवर चालणारे आणि अवघ्या ६० अश्वशक्तीचे होते. तिचा टॉर्क, म्हणजे चाके फिरवणारा पीळ, १४२ न्यूटन-मीटर होता. १९४८ साली आलेल्या पहिल्या लँड रोव्हरचे पेट्रोल इंजिन तर १.६ लिटरचे, ५० अश्वशक्तीचे होते. महिंद्रांनी १९४७ नंतर मुंबईत जोडणी सुरू केली ती याच विलिस जीपची, आणि भारतातील जीपगाड्यांना डिझेल इंजिने बसली ती बऱ्याच काळानंतर. १९८५ मध्ये आलेली मारुती जिप्सी एक लिटरहूनही थोड्या लहान पेट्रोल इंजिनावर डोंगर चढली, पुढे १.३ लिटरच्या इंजिनासह भारतीय लष्कराने हजारोंनी वापरली, आणि चिखलाच्या स्पर्धांमध्ये अनेक वर्षे तिच्याहून दुप्पट मोठ्या इंजिनाच्या गाड्यांना तिने मागे टाकले, ते टनभर वजनाच्या जोरावर. चिखलात गाडी रुतते ती जमिनीवर पडणाऱ्या दाबामुळे, आणि मोठे इंजिन हा दाब वाढवतेच, कारण त्याबरोबर मोठा गिअरबॉक्स, जाड अक्ष आणि जाड चौकट ही सगळी वऱ्हाडमंडळी येते.

येथे सातारा, सांगली, कोल्हापूरकडील वडापच्या ट्रॅक्सचा उल्लेख अप्रस्तुत ठरू नये. डांबर नसलेल्या वाड्यावस्त्यांच्या वाटांवर, टपापर्यंत माणसे आणि बोचकी भरून, या गाड्या वर्षानुवर्षे फक्त मागच्या दोन चाकांच्या ओढीवर चालल्या. त्यांना पार नेणारा घटक वाट ओळखणारा चालक होता, आणि ‘खऱ्या गाडी’च्या व्याख्येत त्याला जागाच नाही.

आता इंजिन ते चाक हा प्रवास बारकाईने पाहिला पाहिजे, कारण या मताची मूळ चूक तेथे आहे. इंजिनाचा टॉर्क थेट चाकापर्यंत जात नाही. गिअर, मग ट्रान्सफर केस म्हणजे पुढच्या आणि मागच्या अक्षांना ओढ वाटून देणारी पेटी, आणि शेवटी अक्षावरील दाते अशा तीन टप्प्यांवर त्याचा गुणाकार होत जातो. ट्रान्सफर केसमधील ‘लो रेंज’ ही जोडी एकटीच या गुणाकारात दोन ते अडीच पटींची भर घालते. २०२३ मध्ये भारतात आलेल्या मारुती जिम्नीचे १.५ लिटरचे पेट्रोल इंजिन १३४ न्यूटन-मीटर टॉर्क देते, म्हणजे विलिस जीपहूनही किंचित कमी, आणि याच आकड्यावर बोट ठेवून तिला हिणवले जाते. परंतु पहिला गिअर आणि लो रेंज जोडल्यावर हा गुणाकार पस्तिसाच्या आसपास जातो. चाकाची त्रिज्या साधारण ३४ सेंटिमीटर धरली आणि दात्यांच्या घर्षणात जाणारा वाटा वजा केला, तरी टायर जमिनीला जो रेटा देऊ शकतात तो बाराशे किलोंच्या आसपास भरतो, आणि गाडीचे वजनही तेवढेच आहे. कोरड्या काँक्रीटवर टायरची पकड वजनाच्या सुमारे आठ-नऊ दशांशापर्यंत जाते, ओल्या चिकणमातीत ती निम्म्याहूनही खाली येते. म्हणजे लहान म्हणून हिणवलेले इंजिनच चिखलाच्या पकडीला पेलवेल त्याच्या दुप्पटीहून अधिक रेटा देऊन बसले आहे. त्यावर आणखी टॉर्क ओतला तर चाक जागच्या जागी फिरून खड्डा खणण्याखेरीज दुसरे काही होणार नाही. यावर पेट्रोलचा टॉर्क वरच्या फेऱ्यांवर मिळतो आणि डिझेलचा खालच्या फेऱ्यांवर, असा आक्षेप घेतला जातो. तो रास्त आहे, आणि डिझेलवर संथ चालीने दगड ओलांडणे अधिक सुखाचे होते हेही मान्य केले पाहिजे. तरीही खालच्या फेऱ्यांवर पेट्रोल इंजिनाचा टॉर्क शंभर न्यूटन-मीटरपर्यंत उतरला असे धरले, तर रेटा नऊशे किलोंच्या आसपास राहतो, आणि चिखलाच्या गरजेपेक्षा तो कितीतरी जास्तच असतो.

खरा अडथळा येतो तो डिफरन्शियलमध्ये. वळणावर आतले आणि बाहेरचे चाक वेगवेगळ्या वेगाने फिरावे म्हणून अक्षाच्या मध्यावर बसवलेली ही दात्यांची रचना दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क वाटते, आणि त्यामुळे एक चाक हवेत लटकले की त्याला लागतो तेवढाच क्षुल्लक टॉर्क जमिनीवरच्या चाकाच्याही वाट्याला येतो. वाट उंचसखल असेल तर पुढचे डावे आणि मागचे उजवे चाक एकाच वेळी उचलले जाते आणि चारही चाकांना ओढ असलेली, दोनशे अश्वशक्तीची गाडीही जागीच उभी राहते. मुख्य उपाय दोन आहेत: डिफरन्शियल कुलूपबंद करून दोन्ही चाकांना एकत्र फिरवणे, किंवा लटकलेल्या चाकाला ब्रेक लावून टॉर्क पलीकडे ढकलणे. आकुर्डीच्या फोर्स मोटर्सची गुरखा चिखलवाटेच्या जाणकारांमध्ये मान राखून आहे, आणि २०२१ च्या तिच्या आवृत्तीत २.६ लिटरचे डिझेल इंजिन असूनही शक्ती अवघी ९१ अश्वशक्ती होती. तिचा मान ज्यामुळे आहे ती गोष्ट म्हणजे पुढच्या आणि मागच्या दोन्ही अक्षांवरील यांत्रिक कुलपे. विक्रीच्या दालनात मात्र ग्राहक घनक्षमता विचारतो, कुलपांबद्दल क्वचितच विचारतो.

घनक्षमतेच्या आकड्यामागे कारखान्याइतकेच कर खाते आणि न्यायालय उभे असते, याचीही या मताला जाणीव दिसत नाही. डिसेंबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली आणि परिसरात दोन हजार सीसी व त्यावरील डिझेल गाड्यांची नोंदणी थांबवली तेव्हा महिंद्रांनी महिन्याभरात २.२ लिटरच्या इंजिनाची १.९९ लिटरची आवृत्ती आणली आणि शक्ती तीच ठेवली. ऑगस्ट २०१६ मध्ये एक टक्का पर्यावरण शुल्कासह ती बंदी उठली. नाशिकमध्ये तयार होणाऱ्या थारचे उदाहरण याहून स्पष्ट आहे. चारही चाकांना ओढ असलेल्या थारचे डिझेल इंजिन सुमारे २.२ लिटरचे, तर जानेवारी २०२३ मध्ये आलेल्या, फक्त मागच्या चाकांना ओढ असलेल्या थारचे १.५ लिटरचे, तरी हस्तचलित गिअरच्या दोन्ही गाड्यांचा कमाल टॉर्क ३०० न्यूटन-मीटरच आहे. चार मीटरच्या आतील डिझेल गाडीला दीड लिटरच्या मर्यादेत राहिल्यास कराची सवलत मिळते, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून ही तफावत १८ आणि ४० टक्क्यांची आहे. टर्बो, म्हणजे बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर आत अधिक हवा कोंबणारा पंखा, पेट्रोल इंजिनाला जोडला की त्याला नाजूक म्हणणारी मंडळी ज्या डिझेल इंजिनांची स्तुती करतात, ती सगळीच टर्बोवर चालणारी आहेत.

सर्जापूर रोडवर डिझेलचा आग्रह मात्र प्रत्यक्ष नुकसान करतो, आणि हा मुद्दा सविस्तर मांडणे आवश्यक आहे. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ या प्रदूषण मानकाने डिझेल मोटारींच्या काजळीची मर्यादा किलोमीटरमागे २५ मिलिग्रॅमवरून ४.५ मिलिग्रॅमवर आणली, आणि ती गाठण्यासाठी धुराच्या वाटेत डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारी सिरॅमिकची सच्छिद्र गाळणी, बसवणे अपरिहार्य झाले. ही गाळणी भरत जाते आणि तिच्यातील काजळी जाळून टाकण्यासाठी सुमारे सहाशे अंश सेल्सिअसचे तापमान लागते. पुणे-बेंगळुरू महामार्गावर तासभर एकसारख्या वेगाने गाडी चालली की हे काम बिनबोभाट होते. इब्लूर ते दोड्डकन्नेल्ली हे काही किलोमीटरचे अंतर मात्र संध्याकाळच्या वेळी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगत कापावे लागते. इंजिन पुरते तापण्याआधीच कार्यालय येते, इंजिनातील संगणक काजळी जाळण्यासाठी जादा इंधन सोडतो, प्रक्रिया अर्ध्यावर असतानाच गाडी बंद होते, आणि न जळलेल्या डिझेलचा काही अंश सिलिंडरच्या भिंतींवरून खाली उतरून इंजिन ऑइलमध्ये मिसळतो. ऑइल पातळ होते, त्याची पातळी वाढते, आणि डॅशबोर्डवर गाळणीचा पिवळा दिवा लागतो. तो दुर्लक्षित राहिला की गाडीची शक्ती आपोआप कमी केली जाते आणि सर्व्हिस सेंटरची वारी घडते. गाळणी बदलण्याची वेळ आली तर तो खर्च लहान नसतो. डिझेल इंजिन दीर्घायुषी आणि सोशिक असते हे मत ज्या काळात तयार झाले त्या काळी ही गाळणी नव्हती, आणि पेट्रोल व डिझेलच्या दरांतील मोठी तफावतही होती. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर नियंत्रणमुक्त झाल्यावर ती आटत गेली. रोज पाच-सात किलोमीटरची रांग आणि वर्षातून एखादी कोकणवारी असा ज्याचा क्रम आहे, त्याच्यासाठी डिझेल हा चुकीचा सल्ला आहे, आणि तो देणाऱ्याने हे स्पष्ट सांगायला हवे.

पुराची धास्ती नाही हे विधान तर सरळ धोकादायक आहे. थारची पाणी ओलांडण्याची घोषित मर्यादा ६५० मिलिमीटर आणि गुरखाची ७०० मिलिमीटर, म्हणजे उभ्या माणसाच्या मांडीपर्यंत; हे आकडे माणसाच्या चालीने आणि तळ ठाऊक असलेल्या पाण्यात जाण्यासाठी असतात, तर तुंबलेल्या रस्त्यावर गटाराचे उघडे तोंड कुठे आहे हे कोणालाच दिसत नाही. शिवाय बंद दारांच्या गाडीची फरशी पाण्याखाली गेली की प्रत्येक दहा सेंटिमीटरमागे सुमारे अर्ध्या टनाची उचल मिळते. पावणेदोन टनांची गाडी अशा तीन-चार टप्प्यांत, आत पाणी शिरेपर्यंत, चाकांवरचा भार गमावते, आणि भार गेला की ओढ चार चाकांना असो वा दोन, पकड उरत नाही. हवा घेणारी नळी छतापर्यंत नेणारे स्नॉर्कल बसवल्याने सिलिंडरात पाणी जाऊन कनेक्टिंग रॉड वाकण्याचा धोका टळतो, पण वाहून जाण्याचा टळत नाही, तारांच्या जोडांत शिरणारे पाणीही अडत नाही. रेनबो ड्राइव्ह बुडाली ती राजकालुवे, म्हणजे एका तलावाचे जादा पाणी पुढच्या तलावाकडे नेणारे नाले, अडवले आणि अरुंद केले गेल्यामुळे. कैकोंद्रहळ्ळीचा तलाव याच रस्त्यावर नागरिकांच्या प्रयत्नाने आणि महापालिकेच्या साहाय्याने पुन्हा उभा राहिला, हे याच परिसरातील उलट, आशादायक उदाहरण आहे. ज्यांच्याकडे उंच गाडी विकत घेण्याची ऐपत आहे त्यांनीच नाल्यांची मागणी सोडून दिली, तर दुचाकीवाला, पायी जाणारी घरकामगार बाई आणि बसची वाट पाहणारा सुरक्षारक्षक यांच्यासाठी ती मागणी कोण लावून धरणार?

पायी जाणाऱ्यांचा विचार या मतात कुठेच नसतो. सर्जापूर रोडच्या मोठ्या पट्ट्यांत पदपथ नाही आणि शाळेची मुले वाहनांच्या कडेने चालतात. अमेरिकेतील महामार्ग सुरक्षा विमा संस्थेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की ज्या गाड्यांचे बॉनेट सुमारे एक मीटरहून उंच असते, त्यांच्या धडकेत पादचारी दगावण्याची शक्यता पाऊण मीटरपर्यंतच्या उतरत्या बॉनेटच्या गाड्यांपेक्षा सुमारे ४५ टक्क्यांनी अधिक असते. त्यावर पोलादी बुल बार बसवणे म्हणजे हा धोका जाणूनबुजून वाढवणे होय, आणि केंद्रीय परिवहन मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना त्याविरुद्ध कारवाई करण्यास सांगितले आहे. चिखलासाठीचे खोल खाचांचे टायर ओल्या डांबरावर थांबायला अधिक अंतर घेतात. चार चाकांची ओढ ब्रेकला काहीही मदत करीत नाही, कारण ब्रेक प्रत्येक मोटारीत चारही चाकांना असतो.

मोठ्या इंजिनाची गरज कुठे असते हेही सांगितले पाहिजे. लष्कराने २०१७ मध्ये जिप्सीच्या जागी टाटा सफारी स्टॉर्मच्या ३,१९२ गाड्यांची मागणी नोंदवली, तेव्हा निकष पाचशे किलोंऐवजी आठशे किलो भार वाहण्याचा होता. भार ओढणे, ट्रेलर नेणे, लडाखच्या विरळ हवेत भरल्या गाडीने चढणे, महामार्गावर रोज शेकडो किलोमीटर जाणे, ही मोठ्या डिझेल इंजिनाची हक्काची कामे आहेत आणि तेथे त्याला तोड नाही. या कामांसाठी किंवा निव्वळ आवडीसाठी कोणी ती गाडी घेतली तर त्यात गैर काही नाही. गैर आहे ते नवख्या खरेदीदाराला भीती घालून तीच गाडी गरज म्हणून गळ्यात मारणे.

सर्जापूर रोडवर राहून गाडी घेणाऱ्याने म्हणूनच रोजचे अंतर आणि रोजचा वेग आधी मोजावा, खड्ड्यांसाठी उंच बाजूचे टायर आणि लहान रिम पाहावी, आणि चार चाकांच्या ओढीची गाडी घ्यायचीच असेल तर घनक्षमता विचारण्यापूर्वी लो रेंज आहे का आणि डिफरन्शियलचे कुलूप यांत्रिक आहे की ब्रेकवर चालणारे हे विचारावे. ‘खऱ्या गाडी’चे समर्थक यंत्रे जाणतात आणि त्यांचे लोक ऐकतात, त्यांनी हे प्रश्न नवख्यांना शिकवावेत, आणि पुढच्या पावसाळ्यापूर्वी आपल्या प्रभागातील राजकालुव्याच्या सफाईचा लेखी अर्ज महापालिकेच्या कार्यालयात स्वतः नेऊन द्यावा.